८५ डीबीचे स्पीकर, सोलापूरचा उन्हाळा आणि तीस हजारांचं बजेट

मागची नोंद केफ कंपनीचे एलएस-५० स्पीकर घरी आले तिथे थांबली होती. जोडी पुण्याहून आणलेली, जुनीच. कोन (आवाज काढणारा पडदा) शाबूत, टर्मिनल घट्ट, एका पेटीच्या मागच्या कडेचा टवका उडालाय, पण ती कड भिंतीकडे असल्यामुळे कुणाला दिसत नाही. आता त्यांना चालवणारा अँप, म्हणजे अँप्लिफायर. बजेट तीस हजार, त्यावर एक रुपया नाही.

जुळे सोलापुरातला मित्र बघायला आला आणि म्हणाला, "काय बे, एवढ्याशा डबीला कसला अँप लागतोय? पोराचा होम थिएटर लाव की." गोम इथंच आहे. कागदावर सेन्सिटिव्हिटी (ठरावीक ताकदीला किती मोठा आवाज) ८५ डीबी, इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) ८ ओहम आणि त्याच्याच शेजारी किमान ३.२ ओहम. पहिल्या दोन आकड्यांवर सगळे बोलतात, अँपचा घाम काढतो तो तिसरा. गाण्यातल्या काही स्वरांना हा स्पीकर ८ ओहमचा राहतच नाही, निम्म्याच्याही खाली उतरतो आणि तेवढ्याच व्होल्टेजला अडीचपट करंट मागतो.

मार्च : कागदावरचं गणित

बसायची जागा स्पीकरपासून अडीच मीटर. एका वॉटला एका मीटरवर ८५ डीबी. अंतराचे ८ गेले, दुसऱ्या स्पीकरचे ३ आले, हातात ८०. भिंती थोडं परत देतात, ते धरलं नाही. मी सरासरी ७५ च्या आसपास ऐकतो, म्हणजे अर्धा वॉटसुद्धा लागत नाही. पण पखवाजाची थाप सरासरीच्या वर २० डीबी सहज उडी मारते. ९५ गाठायचे तर ८० वर १५ डीबी, म्हणजे ३२ वॉट. ८ ओहमला ३२ वॉट म्हणजे १६ व्होल्ट. तेच १६ व्होल्ट ३.२ ओहमवर पडले की ५ अँपिअर, आणि लाटेच्या टोकाला ७.

म्हणून शोधायचं काय, तर १०० वॉटचा अँप नाही. तीस-चाळीस वॉटच, पण ४ ओहमला न कुरकुरणारे.

कागदावर विश्वास नसेल त्याने हे करून बघावं, खर्च फक्त मल्टिमीटरचा. ६० हर्ट्झचा, कमाल पातळीच्या १२ डीबी खालचा टोन (एकच सलग सूर) बनवा. आधी आवडीचं गाणं लावून व्हॉल्यूम आयुष्यात जेवढा मोठा कराल तेवढा करा (माझा रविवारी सकाळी, शेजारी गावाला गेल्यावर). मग नॉबला हात न लावता अँप बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, परत चालू करून टोन वाजवा आणि टर्मिनलवर एसी व्होल्ट मोजा. माझ्याकडे २.९ आले. १२ डीबी म्हणजे चौपट, म्हणून गाण्याच्या टोकाला जास्तीत जास्त ११.६ व्होल्ट. ८ ओहमच्या हिशेबाने १७ वॉट. कागदावरचे ३२ म्हणजे जवळजवळ दुप्पट सुरक्षित. मी ३२ च धरून चाललो.

एप्रिल : रिसीव्हर का बसतोय

तोवर घरचा जुना होम थिएटर रिसीव्हर जोडला होता. कंपनीचं नाव घेत नाही, खोक्यावर ९० वॉट. दुपारी खोली तापली आणि आवाज चढवला की वीस मिनिटांत 'प्रोटेक्ट' दाखवून गप्प. वर १७ वॉट मोजले तेही याच रिसीव्हरवर. मग ९० गेले कुठे?

पीएमपीओ आठवतंय ना? टेबलावरच्या टू-इन-वनवर हजार वॉट लिहिलेलं असायचं. त्याचेच हे जरा सभ्य भाऊबंद. एकच चॅनेल चालवून, एक किलोहर्ट्झच्या एकाच सुराला, डिस्टॉर्शन १० टक्क्यांपर्यंत जाऊ देऊन मोजलेले वॉट. असल्याच बाजारगप्पांना आळा म्हणून अमेरिकेत १९७४ साली वॉट कसे मोजायचे याचा नियम आला. उलट टोकाला नॅडचा ३०२०, १९७८ चा. कागदावर जेमतेम २० वॉट, पण अवघड स्पीकर ओढायचा म्हणून आजही लोक त्याचं नाव काढतात.

रिसीव्हरच्या पाठीवर "६ ते १६ ओहम" छापलंय, त्यामुळे तक्रार करायला जागाही नाही. त्यात आमच्याकडची वीज. संध्याकाळी सातनंतर प्लगवर २०० ते २०५ व्होल्ट. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँपमध्ये मेन्स (प्लगवरचं व्होल्टेज) २३० वरून १३ टक्के पडला की आतली रेलही (सर्किटला मिळणारं व्होल्टेज) तेवढीच पडते, आणि वॉट व्होल्टेजच्या वर्गाने जातात, म्हणजे चौथा हिस्सा ताकद गायब. सप्लायचा हा हिशेब पुण्या-मुंबईचे मित्र शिफारशी करताना धरत नाहीत. उन्हाचाही नाही. क्लास एबीचा, म्हणजे नेहमीच्या पद्धतीचा अँप नुसता बसून राहिला तरी तापतो, आणि बाहेर ४२ असताना हीटसिंक उष्णता सोडणार कुठे?

यादी

डेनॉनचा पीएमए-६००एनई आणि मरांट्झचा पीएम६००७. दोघेही ८ ओहमला ४५ वॉट. ४ ओहमला डेनॉन ७०, मरांट्झ ६०. अँपचा आतला सप्लाय आदर्श असता तर ओहम निम्मे झाल्यावर वॉट दुप्पट, म्हणजे दोघांनी ९० दाखवले असते. कोण ९० च्या किती जवळ जातो हे बघणं म्हणजे सप्लायची परीक्षा, आणि ती दुकानात न जाता कागदावरच होते. माझा कल डेनॉनकडे होता, पण बजेटमध्ये तो जुनाच बसत होता आणि बरा जुना मिळेना.

मग क्लास डी, म्हणजे झपाट्याने चालू-बंद होत कमी तापणारे अँप. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ चिपवरचे छोटे अँप आता खोऱ्याने मिळतात. त्यातली एक गोष्ट नीट बघून घ्या. या चिपच्या पुढे कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर असतो आणि स्वस्त बोर्डांत फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी परत आत नेलेला सिग्नल) त्या फिल्टरच्या अलीकडूनच घेतलेला असतो. परिणामी वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे हलतो. एकाच अँपला कुणी "कर्कश" म्हणतो, कुणी "मऊ", आणि दोघंही खरं बोलत असतात. फीडबॅक फिल्टरच्या पलीकडून घेतला की हे थांबतं. त्याला पीएफएफबी म्हणतात. फोसीच्या व्ही-३ मोनोमध्ये ते आहे. एका डबीत एकच चॅनेल, म्हणून मी त्याची जोडी घेतली.

नव्या पेठेतल्या रिपेरिंगवाल्या काकांना एक डबी दाखवली. त्यांनी ती तळहातावर तोलली, झाकणाच्या फटीतून आत बघितलं आणि परत दिली. "ट्रान्झिस्टर उडाला तर मी संध्याकाळपर्यंत देईन. ही चिप उडाली तर डबी बदला." मुद्दा बिनतोड आहे. दहा-पंधरा वर्षं वापरायचा अँप हवा असेल तर ट्रान्सफॉर्मरवालाच बघा. मी ती जोखीम समजून उचलली आहे.

मे-जून : लावल्यावर

या अँपच्या सप्लायच्या विटेची (बाहेरच्या अडॅप्टरची) पिन मोजली. दुपारी मेन्स २३१ असताना ४८.१ व्होल्ट, रात्री साडेआठला मेन्स २०३ असताना तेच ४८.१. माझ्यासाठी निम्मा निकाल इथंच लागला. मे महिन्यातल्या दुपारी तासभर जोरात वाजवून डबीवर हात ठेवला तर कोमट, चटका नाही.

आवाजाचं म्हणाल तर हळू ऐकताना रिसीव्हरमध्ये आणि यात मला फरक सांगता येत नाही, आणि सांगता येतो म्हणणाऱ्याला मी डोळे बांधून बसवीन. फरक वर गेल्यावर. पखवाजाच्या डाव्या पुडीची थाप आधी फुगून गायकाच्या आवाजावर सांडायची. आता ती पडते आणि जागच्या जागी संपते. तानपुरा तिच्या मागे तसाच सलग चालू.

दोन सूचना. व्ही-३ मोनोला व्हॉल्यूमचा नॉब नाही, तेव्हा व्हॉल्यूम असलेला डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारा डबा) किंवा प्रीअँप (अँपच्या आधीचा, व्हॉल्यूम सांभाळणारा डबा) हवाच, तो खर्च आधी धरा. माझा जुना डॅक चालून गेला म्हणून बजेट टिकलं. आणि भिंतीवर सोलापुरी चादर टांगून खोलीचा घुमारा जाईल अशी आशा ठेवू नका. चादर पांघरायला उत्तम, पण पातळ सुती कापड फार तर वरची थोडी चमक शोषतं, खालचं काहीच नाही.

पुढचं काम सबवूफरचं. ८० हर्ट्झच्या खालचं या पाच इंची कोनांकडून काढून घेतलं की त्यांची धाव आणि अँपचा भार दोन्ही कमी होतील. क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणं) संगणकावर सॉफ्टवेअरने करायचा की वेगळा डबा घ्यायचा, ते ठरलेलं नाही. एलएस-५० ला सब जोडलेल्यांनी कटऑफ किती ठेवलाय ते कळवा.