पालकातले रंग: सिलिका सोडून पिठीसाखरेवर

पालकाच्या अर्कातले रंग वेगळे करायला तो कॉलममधून, म्हणजे पूड भरलेल्या उभ्या नळीतून, सोडतात; द्रावकाबरोबर प्रत्येक रंग वेगळ्या वेगाने उतरतो. आधीच्या सिलिका कॉलमवर कॅरोटिनच्या (नारिंगी रंगद्रव्य) मागोमाग एक राखाडी पट्टा उतरत होता. तो फिओफायटिनचा. ताज्या पानात ते जवळजवळ नसतंच; सिलिकाच्या आम्लधर्मी पृष्ठभागावर क्लोरोफिलमधलं मॅग्नेशियम निघून ते तयार होतं. कॉलम जितका रेंगाळेल तितका पट्टा फुगतो. म्हणून या फेरीत पिठीसाखर.

अर्कासाठी २० ग्रॅम पानं, देठ काढून, उकळत्या पाण्यात मिनिटभर आणि लगेच थंड पाण्यात. हे चुकवू नका. क्लोरोफिलेज हे पानातलं विकर (एन्झाइम) शाबूत राहिलं तर ते क्लोरोफिलची फायटॉलची शेपटी तोडतं आणि उरलेलं क्लोरोफिलाइड पेट्रोलियम ईथरमध्ये येतच नाही. मग पानं टिपून, चिमूटभर कॅल्शियम कार्बोनेट घालून ६० मिली थंड ॲसिटोनमध्ये खलायची. गाळलेल्या अर्कात ४० मिली पेट्रोलियम ईथर (४०–६० अंश सेल्सिअसला उकळणारं) आणि ६० मिली मिठाचं पाणी, १० टक्के. हे सगळं थर वेगळे करायच्या फनेलमध्ये घेऊन ते हळू गोल फिरवायचं. जोरात हलवलं की पायस होतं आणि थर सुटता सुटत नाहीत.

वरचा हिरवा थर मिठाच्या पाण्याने तीनदा धुवायचा. सगळा निकाल इथेच ठरतो: ॲसिटोन राहिलं तर सगळे रंग एकत्र घसरतात, पाणी राहिलं तर साखर विरघळून कॉलममध्ये वाट पडते. म्हणून पाणी शोषायला निर्जल सोडियम सल्फेट गठ्ठा न होता मोकळं फिरेपर्यंत घालायचं. जवळपास ज्योत नको, आणि फ्लास्कला फॉइल हवी. उजेडात क्लोरोफिल विटतं.

कॉलम २ सेंमी व्यासाचा, साखर १८ सेंमी. कोरडी साखर चाळून, दोन-दोन सेंमीचे थर सपाट दांड्याने सारख्या जोराने दाबायचे. दाब कमीजास्त झाला की पट्टे तिरपे उतरतात. धावद्रावक, म्हणजे रंग खाली वाहून नेणारा द्रव: पेट्रोलियम ईथर, त्यात ०.५ टक्के एन-प्रोपेनॉल.

कॅरोटिन आधी बाहेर पडलं. मग खालून वर क्लोरोफिल ए, ल्युटीन, क्लोरोफिल बी, व्हायोलाझँथिन, निओझँथिन. पिवळं ल्युटीन दोन हिरव्या क्लोरोफिलांच्या मधे येतं, हे बघण्यासारखं आहे; सिलिकावर ते बीच्याही मागे राहतं. राखाडी पट्ट्याची जेमतेम रेघ उरली.

पट्टे कापून ॲसिटोनमध्ये घेतले, साखर त्यात विरघळत नाही. शोषणाची लाल शिखरं: ए सुमारे ६६२, बी सुमारे ६४५ नॅनोमीटर. बीच्या नमुन्यात ४७५च्या आसपास खांदा (शिखराच्या कडेचा फुगवटा) दिसतो, म्हणजे कडेला ल्युटीन मिसळलेलं आहे. म्हणून पुढच्या कॉलमला उंची २५ सेंमी, प्रोपेनॉल ०.२५ टक्के.