समुद्राला सुट्टी

"समुद्रालाही सुट्टी असते का रे इथं?" आईनं विचारलं.

नोव्हेंबरातलं रिमिनी, इटलीतलं समुद्रकाठचं शहर. छत्र्या गायब, खुर्च्या गायब, रंगीत केबिनींना कुलपं. आणि समोर वाळूचा लांबच लांब बांध. हिवाळ्यात एड्रियाटिक समुद्र खवळला की पाणी आत घुसू नये म्हणून बुलडोझरनं घातलेला. एवढ्या लांब येऊन पाहिलं काय, तर वाळू!

मी मुलांना आवरत होतो, तेवढ्यात आई बूट-मोजे हातात घेऊन बांधावर चढली. त्या थंडीत. बराच वेळ उभी होती.

उतरली आणि म्हणाली, "उन्हाळ्यात पैसे देऊन बसतात ना इथं? आज सगळा फुकट मिळाला."

नंतर पियादिना, म्हणजे तिथली पातळ पोळी, खाताना मी हॉटेल किती स्वस्त पडलं ते सांगत बसलो. तिचं लक्षच नव्हतं.

याआधी तिला समुद्रावर कधी नेलं होतं मी?