जुन्या सफारीला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर: वागळे इस्टेट ते माळशेज घाट

घाट उतरताना मागे साडेनऊशे किलोचा ट्रेलर असला आणि त्याला स्वतःचे ब्रेक नसले, तर ते सगळं वजन गाडीच्या ब्रेकवर येतं. सरळ रस्त्यावर निभून जातं. वळणावर ब्रेक दाबला की मात्र ट्रेलर पुढे यायला बघतो आणि गाडीची मागची बाजू बाहेरच्या अंगाला ढकलतो. माळशेजच्या दरीकडच्या वळणावर हे होता कामा नये, म्हणून ठाण्यात आधी ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणारा कंट्रोलर बसवला आणि मगच घाटापलीकडच्या ओतूरची वाट धरली. घाटातला प्रवास सुखाचा झाला तो वागळे इस्टेटमधल्या कामामुळे, म्हणून त्याबद्दल जास्त सविस्तर लिहितो.

गाडी एमएच-०४ची, २००९ सालची टाटा सफारी, २.२ लिटर डायकॉर डिझेल. लॅडर चेसिस, म्हणजे खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा असल्यामुळे हुकाला भक्कम जागा मिळते. ट्रेलर आकाशदर्शनासाठी बांधून घेतलेला आहे: सोळा इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची) दुर्बीण, बॅटऱ्या, तंबू, सतरंज्या, पाण्याची टाकी. एकच ॲक्सल, दोन्ही चाकांना दहा इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. असं ॲक्सल आपल्याकडे तयार मिळणं कठीण, त्यामुळे ते आणि कंट्रोलर दोन्ही बाहेरून मागवले.

ओव्हररन ब्रेक का नाही घेतला, असं बरेच जण विचारतात. त्यात ट्रेलर गाडीवर रेलला की हुकाजवळचा दांडा आत दबतो आणि ब्रेक लागतो. वायरिंगची भानगड नाही, सपाटीवर उत्तम. पण लांब उतारावर ट्रेलर सतत रेललेलाच असतो, म्हणजे ब्रेक सतत घासत राहतो आणि चालकाच्या हातात काहीच उरत नाही. इलेक्ट्रिक ब्रेकचं तसं नाही. चाकाच्या आत, ड्रमच्या सपाट बाजूला टेकलेला एक विद्युतचुंबक असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमला चिकटतो, त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याचा दांडा ब्रेक शू बाहेर ढकलतो. करंट जास्त, तर ब्रेक जोरात. हा करंट किती द्यायचा ते कंट्रोलर ठरवतो. आमचा प्रपोर्शनल आहे, म्हणजे गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय हे आतला सेन्सर मोजतो आणि त्या प्रमाणात ट्रेलरला ब्रेक देतो. स्वस्तातले कंट्रोलर पेडल दाबल्यावर ठरावीक वेळेत ठरावीक जोर देतात. घाटात जायचं असेल तर ते घेऊ नका.

कंट्रोलरला मोजून चार वायरी असतात. काळी बॅटरीच्या प्लसला, पांढरी मायनसला, लाल ब्रेकलाइटच्या स्विचला आणि निळी मागे ट्रेलरच्या ब्रेककडे. बहुतेक कंपन्या हेच रंग वापरतात, तरी सोबतचं पत्रक वाचूनच जोडा. नव्या गाड्यांमध्ये कुठलीही वायर कापायची म्हणजे कॉम्प्युटरची भीती असते. जुन्या सफारीत ती कमी, पण तिथे दुसरीच अडचण उभी असते. सोळा-सतरा वर्षांत कुणी हॉर्नचा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकलेला असतो, कुणी रिव्हर्स कॅमेरा, कुणी म्युझिक सिस्टिम, आणि प्रत्येकाने मूळ वायरला कुठेतरी चीर देऊन काळी टेप गुंडाळलेली असते. म्हणून पहिलं काम मल्टिमीटर घेऊन बसायचं. वागळे इस्टेटमधले आमचे वायरमन काका वयाने मोठे आणि ट्रकच्या कामात मुरलेले. त्यांनी डॅशबोर्ड उघडण्याआधीच सांगितलं, "आधी अर्थ बघू, बाकीचं नंतर." अर्थ म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट. मागच्या दिव्याचा अर्थ, इंजिनची अर्थची पट्टी, बॅटरीचं मायनस, सगळं मोजलं. खाडीजवळची दमट हवा तांब्याला लवकर खाते. लगच्या, म्हणजे वायरच्या टोकावरच्या धातूच्या कडीच्या आत हिरवी पूड दिसली की ते टोक कापून नवीन लग क्रिंप करायचं (दाबून बसवायचं), नुसतं घासून भागत नाही.

आता वायरची जाडी. सर्वात जास्त दुर्लक्ष इथे होतं. दहा इंची ब्रेकचा एक चुंबक साधारण तीन ते साडेतीन अँपिअर घेतो, म्हणजे दोन चाकांना जास्तीत जास्त सात. आकडा लहान वाटतो. पण बॅटरीपासून ट्रेलरच्या चाकापर्यंत वायर दहा मीटर जाते आणि अर्थमार्गे तेवढीच परत येते. दीड स्क्वेअर एमएमची वायर टाकली तर त्या वीस मीटरमध्ये दीड व्होल्टहून जास्त गळतात. चार स्क्वेअरची टाकली तर जेमतेम अर्धा-पाऊण. ब्रेक पूर्ण जोरात हवा असतो तेव्हाच ही तूट जाणवते. आम्ही काळी, पांढरी आणि निळी तिन्ही चार स्क्वेअरच्या घेतल्या, गाडीसाठी असतात त्या बारीक तारांच्या. घरातल्या वायरिंगची वायर वापरू नका. इंजिनजवळच्या उष्णतेला आणि सततच्या हादऱ्याला ती टिकत नाही. प्लसच्या वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतरातच सर्किट ब्रेकर हवा. एक-दोन ॲक्सलला सहसा २० अँपिअरचा चालतो, पण तुमच्या पत्रकात वेगळा आकडा असेल तर तोच घ्या. वायर फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) आत नेताना भोकाला रबरी ग्रोमेट बसवा, आणि खालून मागे नेताना सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, चेसिसला बांधत, नळीत घालून न्या.

ब्रेकलाइटचा स्विच पेडलच्या वर असतो. त्याच्या ब्रेकलाइटच्या दोन वायरींपैकी एकीवर कायम १२ व्होल्ट असतात, दुसरीवर फक्त पेडल दाबल्यावर येतात. लाल वायर त्या दुसरीला जोडायची. जोडण्याआधी हॅझर्ड चालू करून बघा, इंडिकेटर दोन्ही बाजूंना देऊन बघा, पार्किंग लाइट लावून बघा. यांतल्या कशानेही त्या वायरवर व्होल्टेज हललं, तर आधीच्या कुणाच्या तरी कामाने दोन सर्किटं एकत्र झाली आहेत, आणि हॅझर्ड लावल्यावर ट्रेलरचे ब्रेक झटके देत लागतील. शिवाय ट्रेलरचे २१ वॅटचे दोन ब्रेक बल्ब म्हणजे आणखी साडेतीन अँपिअर. जुन्या स्विचवर तो भार न टाकता ट्रेलरच्या दिव्यांना रिले द्या.

प्लग निवडताना जपून. युरोपीय पद्धतीच्या गोल सात-पिनी १२एन प्लगमध्ये इलेक्ट्रिक ब्रेकसाठी पिन ठरलेलीच नसते. ऑस्ट्रेलियन पद्धतीच्या चपट्या सात-पिनी प्लगमध्ये पाचवी पिन ब्रेकची असते, आम्ही तोच घेतला. ट्रेलरचा अर्थ हुकाच्या बॉलमधून जातो असं कधीही गृहीत धरू नका. प्लगमधून वेगळी जाड अर्थ वायर न्या. सगळं जोडून झाल्यावर ट्रेलर जोडलेला असताना, ब्रेक पूर्ण जोरात ठेवून, चुंबकाच्या टोकांशी व्होल्टेज मोजा. तिथला आकडा बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त कमी असेल तर निघू नका, कारण शोधा.

ब्रेकअवे स्विचबद्दल तडजोड नको. ट्रेलर हुकातून सुटला तर याची पिन ओढली जाते आणि ट्रेलरवरच्या छोट्या बॅटरीने त्याचे ब्रेक लागतात. त्याची दोरी चेसिसला अडकवा, हुकाच्या बॉलला नाही. बॉलच निखळला तर दोरीचा काय उपयोग? चाचणी घेताना प्लग गाडीपासून काढा, पिन ओढा, चाकं धरतात का बघा आणि लगेच पिन परत लावा. सेफ्टी चेन वेगळ्या हव्यातच.

जोर ठरवण्याचं काम रविवारी सकाळी वागळे इस्टेटच्या आतल्या रस्त्यांवर केलं. कारखाने बंद, रस्ता सपाट आणि कोरडा. नवी मुंबईकरांना तुर्भे एमआयडीसीचे आतले रस्ते सोयीचे पडतील. ट्रेलर प्रवासात असेल तसाच भरलेला ठेवायचा. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास जाऊन पेडलला पाय न लावता कंट्रोलरवरचा हाताचा ब्रेक द्यायचा (गाडीचा हँडब्रेक नव्हे, हा फक्त ट्रेलरचे ब्रेक लावतो). ट्रेलर मागे खेचतोय हे अंगाला जाणवतं. ट्रेलरची चाकं लॉक होईपर्यंत कंट्रोलरचा जोराचा नॉब थोडा थोडा वाढवायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा. रिकाम्या ट्रेलरला हाच आकडा चालत नाही, ओल्या रस्त्यालाही नाही. दोन्ही वेळा कमी करा. भरताना वजनाचा साधारण दहावा भाग हुकावर यायला हवा. घरातल्या वजनकाट्यावर दांडा टेकवून ते मोजता येतं. मागे जास्त भरलं तर ट्रेलर डोलतो आणि ते कुठलाच कंट्रोलर पूर्ण सावरू शकत नाही.

प्रवास हिवाळ्यातला. आकाशासाठी तोच काळ, आणि पावसाळ्यात माळशेजला दरडी आणि धुकं असताना ट्रेलर नेऊच नये. पहाटे माजिवड्याहून नाशिक महामार्ग धरला, रांजणोली नाक्याला वळून कोनगाव, दुर्गाडी पूल, कल्याण, शहाड. इथपर्यंत सकाळी सातच्या आत निघून जा. नंतर कल्याणच्या गर्दीत अकरा-बारा मीटर लांबीचं वाहन वळवणं त्रासाचं होतं. मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा रस्ता मोकळा होत जातो. मोरोशीला थांबून हुक, चेन आणि प्लग पुन्हा तपासला. चढताना ब्रेकचं काम थोडं, इंजिनचं जास्त. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. वर खुबी फाटा ओलांडला की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसतं आणि तिथून ओतूरपर्यंत काही अडचण नाही.

खरी परीक्षा परतीला. ओतूर-जुन्नरकडून कांदा आणि भाजीचे ट्रक रात्री घाट उतरतात, म्हणून आम्ही दिवसा निघालो आणि तुम्हीही तसंच करा. घाटाच्या तोंडाशी दुसरा गिअर टाकला आणि शेवटपर्यंत तोच ठेवला. ब्रेक धरून ठेवायचा नाही, ठाम दाबायचा आणि सोडायचा, वळणाच्या आधी. ट्रेलर मागच्या मागे सरळ राहिला, गाडीला ढकलणं जाणवलं नाही. आडव्या वाऱ्याच्या पट्ट्यात ट्रेलर जरा हलला तेव्हा पेडलला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, नुसता कंट्रोलरवरचा हाताचा ब्रेक हलका दिला आणि तो लगेच ओळीत आला. डोलणाऱ्या ट्रेलरला गाडीचा ब्रेक मारू नका, त्याने डोलणं वाढतं. खाली मोरोशीला पोचल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही ड्रम मोजले. डावा-उजवा जवळजवळ सारखे तापलेले असायला हवेत. एक गार आणि एक कडक तापलेला असेल तर गार चाकाची वायर किंवा चुंबक गेला आहे, किंवा शूचं ॲडजस्टमेंट बिघडलंय.

उतारावर थांबलात तर चाकांना लाकडी ठोकळे लावा. या ब्रेकला पकड यायला ड्रम फिरता लागतो. उभ्या ट्रेलरला ते भरवशाने धरत नाहीत.

कागदांबद्दल एवढंच: १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलरलाही मोटार वाहनच धरलं आहे, त्यामुळे त्याची नोंदणी, नंबर प्लेट आणि विमा वेगळा. गाडी १५ वर्षांपुढची असेल तर तिची पुनर्नोंदणी झालेली हवी. हुक बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून घ्या.

परत आल्यावर पहिल्या तीनशे किलोमीटरच्या आसपास शू पुन्हा ॲडजस्ट करून घ्या, कारण नवे शू तोवर ड्रमला बसलेले असतात आणि फट वाढते. त्यानंतर कंट्रोलरचा जोरही रिकाम्या रस्त्यावर पुन्हा ठरवावा लागतो. प्लगला झाकण आणि आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं, ओल रोखणारं) ग्रीस, हे जूनच्या आधी.