डबा नंतर, आधी घोटे!

आज सेकंड-हँड फिगर (संग्रहात मांडून ठेवायची प्लास्टिकची बाहुली) बघायला गेलो आणि विकणाऱ्याचा अंत पाहिला. डबा त्याने कौतुकाने पुढे केला, मी मात्र घोटे बघत बसलो. पीव्हीसीची फिगर एका पायावर उभी असली की उष्णतेने प्लास्टिक मऊ पडतं आणि ती हळूहळू एका बाजूला कलते. समोरून काढलेल्या फोटोत हे कळत नाही. डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने बघावं लागतं.

मग केसांच्या बटांमागून बोट फिरवलं, तर चिकट! तो मळ नव्हे. पीव्हीसी लवचीक राहावं म्हणून घातलेलं प्लॅस्टिसायझर बंद डब्यात असं वर येतं. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने बहुतेकदा जातं, त्यामुळे तेवढ्यासाठी मी सौदा मोडत नाही. पांढरा भाग पिवळा पडला असेल किंवा गडद स्कर्टचा रंग मांडीत उतरला असेल, तर मात्र सरळ नमस्कार करून निघायचं.

‘सील फोडलेलंच नाही’ याचं मला फारसं अप्रूप नाही. आत काय झालंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. (जपानी दुकानं वस्तूला आणि डब्याला वेगळी श्रेणी देतात, ते मला पटतं.)

शेवटी टाचेच्या भोकात मोबाईलचा टॉर्च मारला. स्टँडची खुंटी आत तुटून बसलेली! मग काय, भाव आपोआप खाली आला. घेतली. उद्या बाईसाहेबांची आंघोळ.