पायऱ्या मोजत पाहिलेली मुंबई

डिसेंबरात लेकीच्या शाळेची सहल मुंबईला गेली, तेव्हा ती मांडीपासून पावलापर्यंतच्या प्लास्टरमध्ये घरी पडून होती. दिवाळी झाल्यावर सायकलवरून पडली आणि डाव्या नडगीचं हाड मोडलं. ऑपरेशनची वेळ आली नाही, पण सहा आठवडे प्लास्टर. सहलीच्या दिवशी पहाटे शाळेची बस आमच्याच गल्लीच्या तोंडाशी थांबली. पोरींचा कलकलाट वर घरात ऐकू येत होता. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. रडली असती तर बरं झालं असतं, ती रडलीही नाही. त्याच सकाळी हे तिला म्हणाले, "तू पाय टेकायला लागलीस की आपण तिघं जाऊ मुंबईला."

शब्द दिला खरा, पण प्लास्टर कापलं त्या दिवशी माझा धीर सुटला. आतून निघालेला पाय काडीसारखा, कातडीवर कोंडा, आणि गुडघा म्हणाल तर वाकायलाच तयार नाही. एक्स-रेत हाड छान धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाडाची काळजी आता सोडा, स्नायूंची करा. फिजिओथेरपीच्या ताईंनी मला शिवणकामाचा टेप घेऊन दर रविवारी दोन्ही मांड्या गुडघ्याच्या वर ठरावीक अंतरावर मोजायला सांगितल्या. पहिल्या रविवारी अडीच सेंटिमीटरचा फरक होता. आम्ही कोल्हापुरातून निघालो तेव्हा तो दीडवर आला होता. ती दोन कुबड्यांवर चालत होती, पायावर थोडा भार देत होती, पण टाच टेकत नव्हती. चवड्यावरच चालायची. "टाच आधी" असं मी दिवसातून पन्नासदा सांगत असेन.

जायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. एका वेळी थोडंच चालू द्या, पाय तासन् तास लोंबकळत ठेवू नका, आणि गर्दीत कोणाचा धक्का लागू देऊ नका. मुंबईत जाऊन धक्का लागू द्यायचा नाही, हे ऐकून यांनी माझ्याकडे पाहिलं. पण डॉक्टरांनी नको म्हटलं नव्हतं, आम्हाला तेवढं पुरे होतं.

आमच्या भागात एक रुग्णसाहित्य केंद्र आहे. तिथे अनामत ठेवली की कॉट, वॉकर, व्हीलचेअर नाममात्र भाड्याने मिळतात. घडी होणारी व्हीलचेअर तिथूनच घेतली. लेकीला ती अजिबात नको होती. "मी काय म्हातारी आहे का?" मग ठरलं, चालायचं तिनं आणि खुर्ची फक्त मधल्या लांब अंतरांसाठी. थकल्याचं तिनंच सांगायचं, आम्ही उचलून बसवायचं नाही. हा करार आम्ही तिन्ही दिवस पाळला आणि त्याचा फार उपयोग झाला.

राहायचं कुठे, यावरून मात्र मन दुखावलं. आमच्या वन्सं गिरगावात चाळीत राहतात, पहिल्या मजल्यावर. मुंबईत जाऊन त्यांच्याकडे उतरायचं नाही हे आमच्या घरात आजवर घडलं नव्हतं. पण चाळीला लिफ्ट नाही, जिना लाकडी आणि उभा, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, तोही भारतीय पद्धतीचा. ज्या पोरीचा गुडघा पूर्ण वाकत नाही, तिला उकिडवं बसता येत नाही. पाय मोडलेल्या मुलाला घेऊन जाताना कमोडची सोय हा पहिला प्रश्न विचारायला हवा, आणि आपल्याकडे नेमका तोच विचारायला लाज वाटते. फोनवर वन्सं गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "बरं. पण जेवायला एकदा तरी आण तिला. मी खुर्चीवर बसवून वर उचलून आणवते चार पोरांकडून."

मंगळवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालो. खालचे दोन बर्थ मिळवले होते. साइड लोअरवर पाय लांब सोडता आला असता, पण येणाऱ्याजाणाऱ्यांच्या बॅगा नेमक्या तिथेच घासतात. म्हणून आतला बर्थ घेतला आणि पायाखाली दोन उशा दिल्या. कमोड डब्याच्या कोणत्या टोकाला आहे ते गाडी सुटायच्या आधीच पाहून ठेवलं.

मुंबईत आम्ही नेहमी दादरला उतरतो. या वेळी मुद्दाम शेवटपर्यंत गेलो. दादरला उतरलं की पूल चढणं आलं, आणि सकाळच्या वेळी त्या पुलावर धट्टेकट्टे लोकही ढकलले जातात. सीएसएमटीला गाड्या येऊन संपतात, त्यामुळे फलाटाच्या टोकाला सरळ चालत गेलं की स्टेशनाबाहेर. एकही पायरी नाही. आम्ही डब्यातून सगळ्यात शेवटी उतरलो, फलाट मोकळा होईपर्यंत बाकावर बसलो, चहा घेतला. लेक मान वर करून बघत होती. ही इमारत 1888 साली पूर्ण झाली आणि 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, हे तिनं सहलीच्या आधी वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही तिनं पिशवीत आणली होती, हे मला तेव्हा कळलं.

स्टेशनासमोरचा भुयारी मार्ग मात्र पायऱ्यांचा आहे, तिथे जाऊ नका. आम्ही टॅक्सी केली आणि दुसरा धडा मिळाला. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, त्यामुळे व्हीलचेअर आत मावत नाही. टॅक्सीवाल्या चाचांनी काही न बोलता दोरी काढली आणि खुर्ची टपावरच्या कॅरिअरला बांधली. पोरीला मागच्या सीटवर आधी पाठ करून बसवायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, हे त्यांनीच दाखवलं. त्यांच्या घरी कोणीतरी असं आजारी असावं.

लॉजला फोन करून "लिफ्ट आहे ना?" असं दोनदा विचारलं होतं. लिफ्ट होती, पण ती सुरू व्हायची सात पायऱ्या चढून गेल्यावर. फोर्टातल्या जुन्या इमारतींत हे नेहमीचं आहे, असं मागून कळलं. म्हणून लिफ्ट आहे का एवढं विचारून भागत नाही. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत किती पायऱ्या, असं विचारायला हवं. त्या सात पायऱ्या लेकीनं कठडा धरून स्वतः चढल्या. फिजिओच्या ताईंनी घोकून घेतलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. तेव्हापासून ती प्रत्येक ठिकाणच्या पायऱ्या मोजून वहीत लिहायला लागली.

तिथल्याच न्हाणीघरात माझ्या काळजाचं पाणी झालं. ओल्या फरशीवर कुबडी सरकली. मी मागे होते म्हणून धरली, नाहीतर पुन्हा पडलीच असती. कुबडी उलटी करून पाहिली तर टोकाचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. दोन महिने रोज ती कुबडी मी हातात घेत होते आणि एकदाही खाली पाहिलं नव्हतं. सर्जिकलच्या दुकानातून नवीन रबरं आणली, आणि दुसरं काही पाहायच्या आधी ती बसवली. ज्यांच्या घरी कुबड्या आहेत त्यांनी हे वाचताना उठून रबर बघावं.

बुधवारी राणीची बाग बंद असते, म्हणून तो दिवस वस्तुसंग्रहालयाला दिला. तीन मजली मोठी इमारत, पण आत लिफ्ट आहे आणि दालनं ऐसपैस. पक्षी-प्राण्यांच्या दालनात ती इतकी रमली की जेवायची आठवण राहिली नाही. संध्याकाळी गेटवे. तिला घारापुरीला जायचं होतं. सहलीची मुलं गेली होती. पण लाँचमध्ये चढताना हलत्या फळीवर पाय टाकावा लागतो आणि तिकडे लेण्यांपर्यंत सुमारे 120 पायऱ्या. डोलीवाले असतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "डोलीत बसून नाही. पुढच्या वर्षी चालत." गेटवेच्या कठड्याशी तिघंही बराच वेळ उभे होतो. परतणाऱ्या लाँचमधून मुलं उड्या मारत उतरत होती, आणि ती त्यांचे पाय बघत होती. त्या वेळी तिला काय सांगावं ते मला सुचलं नाही. मी नुसती पाठीवर हात ठेवून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी नेहरू विज्ञान केंद्र. तिथे आम्ही नव्या भुयारी मेट्रोनं गेलो आणि मुंबईत लेकीला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. ऑक्टोबर 2025 पासून ही मेट्रो आरे ते कफ परेड पूर्ण सुरू आहे, साडेतेहतीस किलोमीटर. सीएसएमटीला लिफ्टनं खाली गेलो. फलाट आणि गाडीची जमीन एका पातळीत, मधली फट चिंचोळी, खुर्ची सहज आत गेली. फलाटावर काचेची दारं आहेत, ती गाडीच्या दारांबरोबरच उघडतात, त्यामुळे धक्काबुक्कीत कोणी रुळाकडे जाण्याची भीती नाही. रस्त्यावरून कुठल्या गेटला लिफ्ट आहे एवढं आधी विचारून घ्यायचं, म्हणजे वळसा पडत नाही. लोकलच्या दारात लटकणारी माणसं पाहिल्यावर मला वाटलं होतं की या शहरात अशा पोरीला जागाच नाही. मेट्रोत त्या दिवशी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

विज्ञान केंद्रात मात्र आमचं चुकलं. प्रत्येक यंत्राला हात लावायचा, चक्र फिरवायचं, बटण दाबायचं. ती खुर्चीत बसायलाच तयार नव्हती, आणि करार होता म्हणून आम्हीही आग्रह केला नाही. चालणं फार झालं नाही, पण उभं राहणं खूप झालं. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसलो तेव्हा मोजा काढून पाहिला, तर घोटा सुजून चकाकत होता आणि मोज्याच्या रबराचा वळ कातडीत खोल रुतलेला. समोर सूर्य बुडत होता, सगळे फोटो काढत होते, आणि मी बोटानं तो वळ दाबून पाहत होते. डॉक्टरांना फोन केला. ठणका आहे का, बोटं हलतात का, पाय गरम लागतो का, असं त्यांनी एकेक विचारलं. मग म्हणाले, प्लास्टर निघाल्यावर अशी सूज येते, घाबरू नका, पाय छातीपेक्षा उंच ठेवून झोपवा, बर्फ फडक्यात गुंडाळून शेका. रात्रभर पाय उशांवर होता. मी दोनदा उठून पाहिला. सकाळी सूज उतरली होती. करारात एक कलम वाढलं: अर्धा तास उभं राहिलं की दहा मिनिटं बसायचं, पाय खुर्चीच्या पायपट्टीवर लांब करून.

शुक्रवारी राणीची बाग. झाडांच्या सावलीतून खुर्ची ढकलत गेलो. वाटेत पुन्हा तेच: "काय झालं गं पायाला?" तीन दिवसांत हा प्रश्न किती जणांनी विचारला असेल! माणसं मायेनंच विचारतात, पण पोर सांगून सांगून थकते. शेवटी मीच पुढे होऊन उत्तर द्यायला लागले, मग तिचा चेहरा जरा सैल झाला.

पेंग्विनच्या कक्षात गर्दी होती. हे हम्बोल्ट पेंग्विन 2016 साली दक्षिण कोरियातून आणले. खुर्चीतून पुढच्या माणसांच्या पाठीच दिसत होत्या, म्हणून ती उठली, कुबड्या माझ्या हातात दिल्या आणि काचेशी जाऊन दोन्ही तळहात टेकून उभी राहिली. एक पेंग्विन काचेला घासून पोहत गेला, ती त्याच्याबरोबर वळली. माझी नजर सवयीनं खाली गेली. डावी टाच जमिनीला टेकली होती. पूर्ण टेकली होती. दोन्ही पाय एका रेषेत, भार दोन्हींवर. मी यांचा दंड धरला आणि खाली दाखवलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. बोललो असतो तर तिच्या लक्षात आलं असतं आणि टाच पुन्हा उचलली गेली असती.

दुपारी वन्संकडे. चाळीच्या दाराशी दोन तरुण पोरं खुर्ची घेऊन उभीच होती. वन्संनी खरोखरच सांगून ठेवलं होतं. लेक जिन्याकडे पाहत राहिली. लाकडी पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. मग तिनं डाव्या हातानं कठडा धरला, एक कुबडी मला दिली, आणि म्हणाली, "मी." उजवा पाय वर, मग कुबडी आणि डावा. थांबायचं. पुन्हा उजवा. हे मागे एक पायरी खाली, दोन्ही हात पसरून. वर वन्सं तोंडावर पदर धरून उभ्या. पाच-सहा मिनिटं लागली असतील.

जेवण झाल्यावर वन्संनी तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले, दोन्ही पोटऱ्या हातात धरून पाहिल्या. "किती वाळलाय गं हा." तेलाची वाटी आणायला उठल्या, पण डॉक्टरांनी चोळायचं नाही म्हणून बजावलं होतं, तसं मी सांगितलं. मग त्यांनी नुसतं कोमट पाण्यात फडकं पिळून पाय पुसला, बोटांच्या बेचक्यांतून सुद्धा. मी लॉजवर उतरल्याचा राग तेवढ्यात कुठेतरी निघून गेला असावा, कारण रात्रीच्या गाडीसाठी डबा भरताना माझ्या आवडीची लसणाची चटणी त्यांनी न सांगता घातली.

निघताना जिना उतरायला तिला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दुखरा पाय आधी, हे तिनं प्रत्येक पायरीला मोठ्यानं म्हटलं. खाली पोचल्यावर पिशवीतून वही काढली, कठड्यावर टेकवून काहीतरी लिहिलं आणि वर गॅलरीत उभ्या असलेल्या आत्याला ओरडून सांगितलं, "आत्या, एकोणीस आहेत गं! मी दोन्ही वेळा मोजल्या."