लघवीची कळ आणि मनातली धास्ती: माझा अनुभव

मला इंटरस्टिशियल सिस्टायटिस, म्हणजे मूत्राशयाचं जुनाट दुखणं आहे. मूत्राशय भरू लागलं की ओटीपोटात दुखतं, लघवीला जाऊन आलं की थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच. निदान व्हायला बराच काळ गेला, कारण लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडायचेच नाहीत. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका’ हे इतक्यांदा ऐकलं, की पुढे खरोखरच धास्तीनं घेरलं तेव्हा ते बोलून दाखवायची चोरी झाली. सगळं मनाचेच खेळ आहेत, असं पुन्हा कोणी म्हटलं तर?

आणि धास्ती होतीच. कुठेही जायचं म्हटलं की आधी तिथल्या स्वच्छतागृहाची चौकशी. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची. घराबाहेर पडण्यापूर्वी गरज नसताना दोन-दोनदा जाऊन येणं. हळूहळू बोलावणी नाकारू लागले. दुखण्यानं जेवढं हिरावलं नाही, तेवढं या भीतीनं हिरावलं.

माझ्या युरॉलॉजिस्ट बाईंनी एकदा निवांत बसवून समजावलं. निरोगी मूत्राशयात साधारण 400 ते 500 मिली लघवी मावते आणि पहिली जाणीव त्याच्या निम्म्याच्याही आधी होऊ शकते. एरवी मेंदू ती बाजूला ठेवतो. घाबरलेलं मन मात्र तिच्यावरच कान लावून बसतं. त्यात पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी मूत्राशयाला आधार देणारे स्नायू आवळले जातात, आवळलेले स्नायू दुखतात आणि दुखलं की भीती आणखी वाढते. आजार खरा आणि भीतीही खरी, दोन्हींवर उपचार करायचे, असं त्या म्हणाल्या. त्या वाक्यानं मला रडू आलं.

त्यांनी डायरी ठेवायला सांगितली. वेळ, मोजपात्रात किती मिली, दुखणं किती, हे नेहमीचं. मी शेजारी आणखी एक रकाना आखला: तेव्हा मनात काय चाललं होतं. त्या रकान्यानं खूप दाखवलं. बाहेर निघण्याआधीच्या नोंदींत कळ जोरदार आणि लघवी जेमतेम. सुट्टीच्या दिवशी घरी मात्र मधलं अंतर आपोआप वाढलेलं. म्हणजे प्रत्येक कळ मूत्राशय भरल्याची नव्हती.

तेव्हापासून कळ आली की धावत सुटायचं नाही, आधी बसायचं. जबडा आणि खांदे सैल. पोटातून सावकाश श्वास, सोडताना जास्त लांब. लाट ओसरली की मग जायचं. अशी पाच-दहा मिनिटं वाढवत नेली. फार दुखत असेल त्या दिवशी हा सराव करत नाही. दुखणं दाबून लघवी रोखणं आणि हे एक नव्हे. फिजिओथेरपिस्टनं आणखी एक महत्त्वाचं सांगितलं: माझ्यासारख्या आवळलेल्या स्नायूंना कीगलचे, म्हणजे हेच स्नायू पुन्हा पुन्हा आवळायचे व्यायाम त्रासाचे ठरू शकतात, आधी त्यांना सैल व्हायला शिकवायचं.

समुपदेशकाकडे जायला मन तयार होत नव्हतं, पण सर्वांत मोठा फरक तिथेच पडला. ‘बाहेर असताना अडचण झाली तर?’ या प्रश्नावर मी नेहमी थांबायचे. त्यांनी तो शेवटपर्यंत लिहायला लावला. तर पॅड आहे, पिशवीत कपड्यांचा जोड आहे, ऑफिसातल्या एका मैत्रिणीला माहीत आहे. भीतीपुढे उत्तर लिहिलेलं असलं की ती तेवढी अंगावर येत नाही.

औषधांत रात्री कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन आहे. त्यानं दुखणंही कमी झालं आणि झोपही लागते. हे औषध डॉक्टरांशिवाय सुरू किंवा बंद करू नये. कॉफी आणि टोमॅटो मला सोसत नाहीत, तुम्हाला कदाचित सोसतील. एकेक पदार्थ बंद करूनच ते कळतं. पाणी मात्र कमी करू नका, दाट झालेली लघवी जास्त झोंबते. लघवीत रक्त दिसलं किंवा ताप आला, तर नेहमीचंच आहे असं समजून घरी बसू नका.

त्रास अधूनमधून उसळतो. तसं झालं की पहिल्या रात्री ‘आता हे कधीच थांबणार नाही’ असं अजूनही वाटतं, म्हणून मागची उसळी किती दिवसांत ओसरली होती ते डायरीत उघडून वाचते. पुढच्या तपासणीत मूत्राशयात नळीनं औषध सोडण्याच्या उपचाराबद्दल बोलायचं आहे. नळीची भीती वाटते. प्रश्न लिहून ठेवले आहेत, आणि ‘मला भीती वाटते’ हे सगळ्यात वर लिहिलं आहे.