बुवांच्या कानात काय जाते

शनिवार, रात्र

घरच्या स्टुडिओत हार्डवेअर, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी खरी यंत्रे, असावीत की प्लग-इनवर, म्हणजे तेच काम संगणकात करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, भागवावे, हा वाद आम्ही मंडळी घालतो तो बहुधा मिक्सिंगला बसल्यावर, म्हणजे गाणारा माणूस घरी निघून गेल्यावर. माइकपुढे बसलेला असताना त्याच्या कानात काय जात होते, हे सहसा कोणी विचारत नाही. आज दुपारी एका भजनी मंडळाच्या बुवांचे अभंग मुद्रित करताना माझे सगळे लक्ष नेमके तिकडेच होते.

बुवांचा आवाज बुलंद, पट्टी पांढरी दोन. वर्षानुवर्षे साध्या माइकवर गायल्यामुळे तार सप्तकात मान मागे घेण्याची आणि खालच्या ओळींना जोर लावण्याची त्यांना सवय आहे. माझ्याकडे एलए-२ए या जुन्या नामांकित यंत्राच्या धर्तीवर बांधलेला एकच ऑप्टिकल कॉम्प्रेसर आहे, म्हणजे मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारे यंत्र. तो मी प्रीॲम्प (माइकचा क्षीण आवाज वाढवणारे यंत्र) आणि इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी पेटी) यांच्यामध्ये जोडला आणि इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगवरून, म्हणजे संगणकात न नेता, आवाज थेट हेडफोनमध्ये सोडला. खालचे स्वर जवळ आल्यासारखे ऐकू येऊ लागताच बुवांनी जोर लावणे आपोआप सोडले, आणि दुसऱ्या कडव्यातली सावकाश ओळ त्यांनी इतकी हळुवार घेतली की मी ती पुन्हा घ्यायला सांगितली नाही.

हेच काम प्लग-इनकडून करून घ्यायचे तर आवाजाला संगणकात जाऊन परत यावे लागते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ठेवला तर एका दिशेचाच विलंब २.७ मिलिसेकंद होतो, आणि आवाजाचे आकडे व आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे कन्व्हर्टर धरून जाण्यायेण्याचा हिशेब सहा-सात मिलिसेकंदांपर्यंत पोहोचतो. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण गायकाला स्वतःचा आवाज हाडांमधून त्याच क्षणी ऐकू येत असतो. त्यात हा उशिरा आलेला आवाज मिसळला की काही कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात आणि आवाज पोकळ लागतो. गायक याची तक्रार करत नाही, तो मुकाट्याने हेडफोनची एक बाजू कानावरून सरकवतो, आणि मग तिथून तानपुरा माइकमध्ये झिरपू लागतो. अपोलोसारख्या इंटरफेसमध्ये प्लग-इन चालवणारी चिप आतच असते आणि विलंब दोन मिलिसेकंदांच्या आसपास राहतो, हे खरे. तेव्हा माझा मुद्दा लोखंडी पेटीच हवी असा नाही, गाताना उशीर नको एवढाच आहे.

कॉम्प्रेसर मी तीन-चार डेसिबलांपेक्षा जास्त दाबू दिला नाही, कारण मुद्रणात शिरलेला दाब नंतर काढता येत नाही. २४ बिटांत शिखरे उणे १० डेसिबलांच्या खाली ठेवली तरी खरखर वर येत नाही, त्यामुळे पातळी सांभाळण्यासाठी त्याची गरज टेपच्या काळाइतकी उरलेली नाही. या जातीच्या यंत्रात आवाजाबरोबर एक दिवा उजळतो आणि त्या प्रकाशाने प्रकाशसंवेदी रोधाचा रोध बदलतो. आवाज ओसरला की निम्मा दाब सुमारे ६० मिलिसेकंदांत सुटतो आणि उरलेला अर्ध्या सेकंदापासून पाच सेकंदांपर्यंत रेंगाळतो. अभंगाला हे फार मानवते. झटपट सुटणारा कॉम्प्रेसर दोन ओळींच्या मधल्या जागेत पेटीचा भाता आणि बुवांचा श्वास एकदम वर ओढून आणतो.

हार्डवेअरचे दुखणेही आज दिसले. कॉम्प्रेसर एका सॉकेटवर आणि संगणक दुसऱ्यावर असल्याने अर्थ लूप, म्हणजे दोन्हींच्या अर्थिंगच्या तारांचे वेटोळे, तयार होऊन विजेची गुणगुण येत होती. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तिचा तिसरा स्वरांश १५० हर्ट्झवर बसतो. पांढरी दोनचा षड्ज १४६.८ हर्ट्झवर आहे. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साधारण तीन हेलकावे पडतात. तानपुऱ्याची जोडीची तार उतरली असावी असे समजून बुवा दोनदा खुंटीला हात लावायला उठले! सगळी यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतल्यावर तार जागच्या जागी सुरात निघाली. प्लग-इनला असला रोग होत नाही.

मुद्रण झाल्यानंतरची सगळी कामे मी संगणकातच करतो आणि त्याबद्दल मला खंत वाटत नाही. पखवाजावर आज ११७६ या दुसऱ्या जुन्या कॉम्प्रेसरचे प्लग-इन लावले. मूळ यंत्राप्रमाणेच त्याचा अटॅक, म्हणजे दाब सुरू व्हायला लागणारा वेळ, २० ते ८०० मायक्रोसेकंदांचा असतो आणि बटण उजवीकडे फिरवले की तो जलद होतो; नवख्याला हे उलटे वाटते. तो सर्वांत मंद ठेवल्यावर थापेचे टोक शाबूत राहिले आणि कणीक लावलेल्या डाव्या पुडीची घुमी मागून भरून आली. दोन अभंगांसाठी दोन वेगळ्या मांडण्या साठवल्या. कॉम्प्रेसरच्या बटणांचा मात्र मोबाइलवर फोटो काढून ठेवावा लागला.

दुसरा हार्डवेअर कॉम्प्रेसर घ्यावा असे संध्याकाळी मनात आले होते. एका वेळी एकच गायक बसणाऱ्या खोलीत त्याला काम नाही. टाळी वाजवली की मागची भिंत अजून झणझणते आणि ते कोणत्याही प्लग-इनने पुरते निघत नाही, तेव्हा ते पैसे तिथे १०० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (आवाज शोषणारी तंतूंची गादी) बसवण्यात जातील. सुताराला सोमवारी बोलावले आहे.